हवेलीची शाळा कशी होते? डब्लिनच्या रॅथफार्नहम हाऊसचा इतिहास

डब्लिनच्या दक्षिणेला रॅथफार्नहम नावाचं उपनगर आहे. तिथं १७२५च्या सुमारास विल्यम पॅलिझर या धनाढ्य गृहस्थाने लाल विटांची तीन मजली हवेली बांधली. त्याचे वडील कॅशेलचे आर्चबिशप होते, पण सरकारमान्य प्रोटेस्टंट चर्चचे. शंभर वर्षं व्हायच्या आत, १८२२ साली, त्याच हवेलीत कॅथलिक धर्मभगिनी राहायला आल्या आणि त्यांनी मुलींची निवासी शाळा सुरू केली. हवेलीचं नाव झालं लोरेटो अ‍ॅबी. ही शाळा १९९९पर्यंत चालली. कोलकात्याचं लोरेटो हाऊस याच घराची शाखा आहे. १९२८ साली अठरा वर्षांची अ‍ॅग्नेस बोयाजिऊ इथंच सहा आठवडे इंग्रजी शिकली आणि बोटीने भारतात आली. पुढे ती मदर तेरेसा झाली.

पॅलिझरने पाया खणला तेव्हा आयर्लंडमध्ये कॅथलिक माणसाला जमीन विकत घ्यायला बंदी होती आणि शाळा चालवणं हा गुन्हा होता. शंभर वर्षांत असं काय उलटलं की त्याच घरात कॅथलिक शाळा भरू लागली? कुणा दानशूराचं मन द्रवलं म्हणून हे घडलं नाही. कायदा सैल झाला, घरांच्या किमती पडल्या आणि काम अंगावर घेणाऱ्या शिकलेल्या बायका तयार झाल्या. या तिन्ही गोष्टी वीस-पंचवीस वर्षांच्या अंतराने एकापाठोपाठ आल्या. त्यांतली एक जरी नसती तरी हवेली हवेलीच राहिली असती, किंवा केव्हाच जमीनदोस्त झाली असती.

कायद्याची गाठ

आयर्लंडची बहुसंख्य प्रजा कॅथलिक, सत्ता मात्र प्रोटेस्टंटांच्या हातात. ती टिकवायला १६९५पासून पुढे जे कायदे झाले त्यांना एकत्रितपणे पीनल लॉज म्हणतात. १६९५च्या कायद्याने कॅथलिकांना मुलं शिकायला परदेशी पाठवायची मनाई केली आणि कॅथलिक शिक्षकाला शिकवण्याचीही. पकडला गेला तर दर गुन्ह्यामागे २० पौंड दंड आणि ३ महिने कैद. १७०४च्या कायद्याने जमीनखरेदी बंद केली. भाडेपट्टा घ्यायचा तर तोही ३१ वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा नाही. कॅथलिक बाप वारला की त्याची जमीन सगळ्या मुलग्यांत वाटली जायची. थोरला मुलगा प्रोटेस्टंट झाला तर मात्र अख्खी त्याची. दोन-तीन पिढ्यांत मोठ्या इस्टेटीचे तुकडे पडावेत अशी ही रचना होती. १७०९ साली तर कॅथलिक शिक्षक पकडून देणाऱ्याला १० पौंडांचं बक्षीस ठेवलं गेलं.

तरी शिकवणं थांबलं नाही. खेड्यांत कुंपणाच्या आडोशाला, गोठ्यात मुलं जमायची. कॉर्क शहरात नॅनो नेगल या श्रीमंत घरच्या बाईने १७५०च्या दशकात एका झोपडीवजा घरात गरीब मुलींना चोरून शिकवायला सुरुवात केली.

या बंदीचा एक परिणाम कायदे करणाऱ्यांच्या ध्यानीमनी नसावा. जमीन घेता येईना म्हणून कॅथलिक पैसा व्यापारात गेला: रेशीम, कातडी, मांस, लोणी. जमीनदाराची संपत्ती जमिनीत अडकलेली असते आणि बऱ्याचदा गहाणही पडलेली असते. व्यापाऱ्याकडे रोकड असते. पुढे बंदी उठली तेव्हा डब्लिनच्या कॅथलिक व्यापारी घराण्यांकडे घर विकत घेण्याइतका रोख पैसा होता. आपल्या शाळेची संस्थापक फ्रान्सिस बॉल अशाच एका रेशीम व्यापाऱ्याची मुलगी.

बंदी उठली ती हप्त्याहप्त्याने. १७७८ साली ९९९ वर्षांचा पट्टा घेता येऊ लागला. १७८२ साली जमीनखरेदी खुली झाली. त्याच वर्षी कॅथलिक शिक्षकाला शिकवायची मुभा मिळाली, पण स्थानिक प्रोटेस्टंट बिशपचा परवाना असला तरच. ही परवान्याची अट १७९२ साली गेली. म्हणजे कॅथलिक शाळेसाठी कॅथलिक पैशाने हवेली विकत घेणं १७९२नंतर कायद्यात बसत होतं.

१८२९च्या मोठ्या कायद्याने कॅथलिकांना ब्रिटिश संसदेत बसायचा हक्क दिला. त्यात मागच्या दाराने एक जाच ठेवला होता: जेझुइटांसारख्या, म्हणजे व्रतस्थ कॅथलिक पुरुषांच्या संघांना नवे सदस्य घ्यायची मनाई. पण ३७व्या कलमात स्पष्ट लिहिलं होतं की ही बंदी स्त्रियांच्या संघांना लागू नाही. पुरुषांवरचं कलम फारसं अंमलात आलं नाही हे खरं, पण त्यांच्या डोक्यावर ती टांगती तलवार राहिली. बायकांवर नव्हती. एकोणिसाव्या शतकात आयर्लंडमध्ये धर्मभगिनींच्या शाळा आणि इस्पितळं एवढ्या झपाट्याने वाढली, त्यामागे या कलमाचा हात मोठा आहे, आणि इतिहास सांगताना त्याची हवी तेवढी दखल घेतली जात नाही.

हवेल्या स्वस्त का झाल्या

१८००पर्यंत डब्लिनमध्ये आयर्लंडची स्वतःची संसद होती. कनिष्ठ सभागृहात ३०० सभासद, वर उमरावांची सभा. अधिवेशनाच्या दिवसांत ही सगळी मंडळी कुटुंबकबिल्यासह डब्लिनला मुक्कामी. मेजवान्या, भेटीगाठी, मुलींची लग्नं जुळवणं, सगळं तिथंच. हवेल्यांना किंमत होती ती या मोसमामुळे.

१ जानेवारी १८०१पासून ब्रिटन आणि आयर्लंड एक राज्य झालं आणि डब्लिनची संसद बंद पडली. आता फक्त १०० प्रतिनिधी आणि २८ उमराव, आणि तेही लंडनला. डब्लिनचं घर ठेवून करायचं काय? पॉवर्सकोर्ट हाऊस १८०७ साली सरकारी स्टँप खात्याने घेतलं. लिन्स्टर हाऊस १८१५ साली डब्लिन सोसायटी या संस्थेला विकलं गेलं आणि आज तिथं आयर्लंडची संसद भरते. क्लाँगोजचा किल्ला १८१४ साली जेझुइटांनी मुलग्यांच्या शाळेसाठी घेतला. बेल्व्हेडिअर हाऊसही १८४१ साली त्यांच्याकडे आलं.

रॅथफार्नहम हाऊसचंही हेच झालं. पॅलिझर घराण्यात ते रेव्हरंड जॉन पॅलिझर यांच्यापर्यंत राहिलं. १७९५ साली ते वारल्यावर जॉर्ज ग्रिअर्सन यांनी घेतलं. ग्रिअर्सन म्हणजे आयर्लंडमधले राजमुद्रक, सरकारी कायदे आणि फर्मानं छापायचा मक्ता त्यांच्याकडे होता. संसद गेली आणि मक्त्यातला जीवही गेला. १८२१ साली डॅनियल मरी यांनी ही हवेली विकत घेतली. ते तेव्हा डब्लिनचे सहायक आर्चबिशप होते, दोन वर्षांनी आर्चबिशप झाले. त्यांच्या डोळ्यांपुढे शाळाच होती आणि ती चालवणारी बाईही त्यांनी आधीच हेरून ठेवलेली होती.

यॉर्कमधलं प्रशिक्षण

फ्रान्सिस बॉल १७९४ साली डब्लिनला जन्मली. नऊ वर्षांची असताना घरच्यांनी तिला इंग्लंडमध्ये यॉर्क इथल्या बार कॉन्व्हेंटमध्ये शिकायला ठेवलं. ही शाळा १६८६पासून चालत होती. इंग्लंडमध्येही कॅथलिकांना उघडपणे प्रार्थना करता येत नव्हती, तरी चालत होती. इमारत पाहिली की कशी ते कळतं. १७६९ साली इथं चॅपेल, म्हणजे छोटं प्रार्थनाघर, बांधलं, त्याला सुरेख घुमट आहे, पण रस्त्यावरून तो दिसत नाही. त्यावर नेहमीसारखं उतरतं छप्पर टाकलं आहे. चॅपेलला बाहेर पडायला आठ वाटा आहेत आणि जमिनीखाली धर्मगुरूला लपवायला खोबण आहे. छापा पडलाच तर भाविक आठ दिशांना पांगणार आणि धर्मगुरू जमिनीत गडप.

मेरी वॉर्ड या इंग्रज बाईने १६०९मध्ये स्थापलेल्या संघाचं हे घर. तिचा हट्ट होता की धर्मभगिनींनी चार भिंतींत कोंडून न घेता बाहेर पडून मुलींना शिकवावं. रोमला ते रुचलं नाही आणि १६३१ साली पोपने तिचा संघच बरखास्त केला. तरी तिच्या बायकांनी काम सोडलं नाही.

१८१४ साली फ्रान्सिस परत यॉर्कला गेली, या वेळी धर्मभगिनी होण्यासाठी, उमेदवार म्हणून. मरींनीच तिला पाठवलं होतं. तिथं तिने तेरेसा हे नाव घेतलं आणि सात वर्षं त्या घराचा कारभार जवळून पाहिला: वेळापत्रक, स्वयंपाकघराचा हिशेब, फी, आजारी मुलींची खोली, उमेदवार भगिनींचं शिक्षण. १८२१ साली ती दोन सोबतिणींसह डब्लिनला परतली आणि नोव्हेंबर १८२२मध्ये रॅथफार्नहम हाऊसमध्ये राहायला आली. इटलीतल्या लोरेटो या तीर्थस्थानावरून तिने घराला नाव दिलं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सगळ्यांत मोलाचा भाग ही सात वर्षं आहेत. मोकळी हवेली विकत मिळते, पण शाळा चालवायचं ज्ञान असं तयार मिळत नाही, ते मिळवावं लागतं.

पैशाचं गणित साधारण सगळ्या कॉन्व्हेंट शाळांत सारखं होतं. निवासी मुलींची फी आणि भगिनींनी संघात येताना माहेराहून आणलेला हुंडा हे उत्पन्न. त्यावर घर चालायचं आणि शेजारच्या गरीब मुलींसाठी फुकट शाळाही. मालमत्ता संघाच्या नावावर करता येत नसे, कारण कायद्याच्या लेखी संघ ही व्यक्ती नव्हती. म्हणून तीन-चार भगिनींच्या नावावर सामाईक मालकी ठेवायची आणि एक वारली की तिचा हिस्सा आपोआप उरलेल्यांकडे जाईल अशी कागदपत्रं करायची. यात दुखणं असं की नावं वेळच्या वेळी बदलली नाहीत तर शेवटची मालकीण वारल्यावर नातेवाईक दारात उभे राहू शकत.

घराचे वर्ग कसे झाले

हवेलीत काय असतं आणि शाळेला काय लागतं, हे एकमेकांशी पटत नाही. तळघरात स्वयंपाकघर आणि कोठारं. त्याच्या वरच्या मजल्यांवर उंच छताचे दिवाणखाने आणि जेवणाची दालनं. आणखी वर झोपायच्या खोल्या आणि माळ्यावर नोकरांच्या बुटक्या खोल्या. दिवाणखाना वर्गाला बरा, कारण खिडक्या उंच आणि उजेड खोलवर येतो. पण छत उंच असल्याने ऊब वर जाते आणि शेकोटीपासून दोन बाकांपलीकडच्या मुली थंडीत कुडकुडतात. झोपायच्या मोठ्या खोल्यांत पडदे लावून एकेका पलंगाचे कप्पे करायचे. मुख्य दाराजवळची एक खोली पालकांना भेटायला राखायची. भगिनींचा खाजगी भाग वेगळा, तिथं मुलींनाही मज्जाव.

जिने दोनच. एक समोरचा रुंद, एक मागचा नोकरांचा अरुंद. कुटुंबाला पुरेसे, पण वरच्या मजल्यावर शंभर मुली झोपत असतील आणि खाली आग लागली तर मागचा जिना धुराने भरतो. म्हणून अशा बहुतेक शाळांत पुढे बाहेरून लोखंडी जिने बसवावे लागले. दर्शनी बाजू त्याने बिघडते. मुलींचा जीव त्याहून महत्त्वाचा, त्यामुळे त्यात वाद नको.

वजनाचा प्रश्न डोळ्यांना दिसत नाही. आजच्या मानकांप्रमाणे राहत्या घराची जमीन दर चौरस मीटरला साधारण १५० किलो भार धरून बांधतात, वर्गाची ३०० किलो धरून. जुन्या हवेलीच्या लाकडी तुळया पाहुण्यांच्या हिशेबाने बसवलेल्या, रोज चाळीस मुलींनी एकदम उठबस करायच्या हिशेबाने नव्हे. तुळया मध्ये खचतात आणि खालच्या छताच्या नक्षीला तडे जातात. छताचा तडा बुजवून भागत नाही. दुखणं वरच्या तुळईत असतं.

छताच्या नक्षीची आणखी एक अडचण होती. अठराव्या शतकातल्या सरदारांना ग्रीक-रोमन देवदेवता आवडत आणि त्या फारसे कपडे घालत नाहीत. बेल्व्हेडिअरमधल्या एका दालनाच्या छतावरची व्हीनस जेझुइटांनी काढून टाकली आणि भोवतीची नक्षी तशीच ठेवली. रॅथफार्नहमच्या एका दालनात भिंतींना ठसे उमटवलेलं चामडं लावलेलं होतं. तेही पुढे उतरवलं गेलं. असलं चामडं दमट हवेत ताणतं, कोरड्या हवेत आकसतं. खोलीत रोज मुलांची गर्दी असेल तर ते शिवणीवर उसवणारच.

म्हणून शहाणपणाचा मार्ग हाच की मूळ घरावर भार न टाकता शेजारी नवं बांधायचं. लोरेटो अ‍ॅबीत तसंच झालं. १८४०च्या सुमारास गॉथिक पद्धतीचं चॅपेल उभं राहिलं. त्याच्या आराखड्याशी ऑगस्टस पुजिन आणि पॅट्रिक बर्न या वास्तुविशारदांची नावं जोडलेली आहेत. त्यानंतरच्या नव्वदेक वर्षांत दोन्ही बाजूंना करड्या ग्रॅनाइटचे पंख, म्हणजे जोडइमारती, वाढत गेले. समोरून पाहिलं की मधली लाल हवेली आणि तिच्या बाजूंचा करडा दगड असा इतिहास सरळ वाचता येतो.

१८७८च्या कायद्याने आयर्लंडमध्ये माध्यमिक परीक्षा सुरू झाल्या, मुलींनाही खुल्या. निकालावर शाळेला पैसे मिळत. त्याच्या पुढच्याच वर्षीच्या कायद्याने स्त्रियांना पदवी घ्यायची वाट मोकळी झाली. तोवर फ्रेंच, पियानो, भरतकाम यांना मानाचं स्थान होतं, आता गणित आणि लॅटिन वेळापत्रकात शिरलं.

कोलकात्याची शाखा

१८४१ साली कोलकात्याच्या कॅथलिकांकडून मागणी आली आणि तेरेसा बॉलने १२ जणी पाठवल्या. प्रमुख मदर डेल्फिन हार्ट, वय अवघं २३. ऑगस्टमध्ये निघालेली बोट ३० डिसेंबरला पोचली आणि १० जानेवारी १८४२ला मिडलटन रोवर शाळा सुरू झाली. हे घरही हवेलीच होतं. आधी बंगालचा गव्हर्नर हेन्री व्हॅन्सिटार्ट याचं बागेतलं घर, मग कोलकात्यातल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाचा पहिला मुख्य न्यायाधीश एलायजा इम्पी याचं. इम्पीने भोवती हरणं पाळली होती. पार्क स्ट्रीटला नाव पडलं ते त्या बागेमुळे.

डब्लिनमध्ये जी पद्धत बसली तीच इथं उचलली: मोठ्या माणसाचं रिकामं घर, निवासी मुलींच्या फीवर खर्च, जोडीला गरिबांसाठी शाळा आणि अनाथालय. पुढे दार्जिलिंग, शिमला असं जाळं पसरलं. अ‍ॅग्नेस बोयाजिऊ १ डिसेंबर १९२८ला आयर्लंडहून निघाली, ६ जानेवारी १९२९ला कोलकात्याला उतरली आणि दार्जिलिंगला उमेदवारीसाठी गेली. १९४८ साली लोरेटो सोडून वस्तीत काम सुरू करण्याआधी तिने वर्षानुवर्षं एंटालीच्या लोरेटोच्या आवारात बंगाली माध्यमाच्या मुलींना भूगोल-इतिहास शिकवला.

शेवट का झाला

१९६७ साली आयर्लंडमध्ये माध्यमिक शिक्षण मोफत झालं. फी भरून राहायच्या वसतिगृहाची गरज घटली. १९६०च्या दशकानंतर संघात येणाऱ्या तरुण मुली कमी होत गेल्या. पूर्वी भगिनी बिनपगारी शिकवायच्या, आता पगारी शिक्षक. म्हणजे उत्पन्न उतरलं, खर्च चढला आणि इमारत मात्र तेवढीच अवाढव्य.

अशा घराचं दुखणं बहुतेक वेळा छपरात सुरू होतं. अठराव्या शतकातल्या अशा जॉर्जियन घरांत उतरतं छप्पर कठड्यामागे लपवलेलं असतं आणि कठडा व छप्पर यांच्या बेचक्यात शिशाची पन्हळ असते. तिच्यात पालापाचोळा अडकला की पाणी आत वळतं आणि थेट वाशांच्या टोकांवर पडतं. शिशाचा पत्रा लांबच लांब एकसंध घातला असेल तर उन्हाथंडीत ताणून-आकसून फाटतो. म्हणून साधारण दीड मीटरचे तुकडे पायरीपायरीने घालायचे असतात. लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या वर गेला की ड्राय रॉट नावाची बुरशी धरते आणि ती विटांच्या भिंतीतूनही पलीकडच्या लाकडापर्यंत पोचते. त्यात कुणी विटांच्या सांध्यांतला चुना खरवडून सिमेंट भरलं असेल तर भिंतीतलं पाणी बाहेर पडायची वाटच बंद. वर्षातून दोनदा पन्हळ साफ करणं हा सगळ्यांत स्वस्त उपाय आहे, आणि माणसं कमी झाली की पहिल्यांदा तोच सुटतो.

१९९९ साली शाळा बंद झाली, मालमत्ता विकली गेली आणि आवारात सदनिका झाल्या. शिकवण्याचं काम मात्र थांबलं नाही: जवळच ब्यूफोर्ट इथं लोरेटोने १९२५ साली काढलेली मुलींची शाळा आजही भरते.

आयर्लंडमधल्या अशा एखाद्या घराचा माग काढायचा असेल तर सुरुवात डब्लिनच्या रजिस्ट्री ऑफ डीड्सपासून, म्हणजे खतं नोंदवायच्या दफ्तरापासून करावी. हे दफ्तर १७०८ साली उघडलं ते कॅथलिकांनी चोरून जमीन घेऊ नये यावर नजर ठेवायला. आज कॅथलिक शाळांच्या खरेदीखतांचा माग तिथंच लागतो. त्यानंतर १८३०च्या दशकापासूनचे सहा इंची (मैलाला सहा इंच) सरकारी ऑर्डनन्स नकाशे आणि १८८८नंतरचे पंचवीस इंची नकाशे शेजारी ठेवावेत. कुठला पंख कधी वाढला ते त्यात दिसतं. १८४७ ते १८६४ या काळातल्या ग्रिफिथ मूल्यांकनात, म्हणजे करासाठी केलेल्या घर-जमिनींच्या पाहणीत, घराचा ताबा कुणाकडे होता ते मिळतं. १९०१ आणि १९११च्या जनगणनेचे घरोघरचे फॉर्म ऑनलाइन फुकट बघता येतात. त्यात खोल्यांची संख्या, दर्शनी खिडक्या, आणि त्या रात्री घरात झोपलेल्या प्रत्येक भगिनीचं आणि मुलीचं वय व जन्माचा जिल्हा किंवा शहरही लिहिलेलं आहे.